वेढ्यातील देह आणि आपली शाळा

पुस्तक : 'बॉडीज अंडर सीज'. लेखक : आर्मांडो फवाझा. प्रकाशक : जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटी प्रेस. पहिली आवृत्ती १९८७, दुसरी १९९६, तिसरी २०११.

शाळेत दोन गोष्टी रोज शिक्षकांच्या नजरेसमोर असतात. एक म्हणजे मुलांचे ताट आणि दुसरी म्हणजे मुलांचे हात. आठवी-नववीतील एखादी मुलगी मधल्या सुट्टीत जेवत नाही. विचारले तर 'आज उपवास आहे, सर' असे सांगते. मंगळवारी उपवास, शुक्रवारी उपवास, मग चतुर्थी आणि त्यानंतर आणखी काही. तीच मुलगी एप्रिल महिन्यातही मनगटापर्यंत बाह्या ओढून बसते. धाराशिवचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना यात काही वावगे आहे हे कळायला वेळ लागू नये. पण होते असे, की ताट एका शिक्षकाच्या लक्षात येते आणि बाह्या दुसऱ्याच शिक्षिकेच्या. एक म्हणतात, मुलगी फार धार्मिक आहे. दुसऱ्या म्हणतात, मुलगी लाजाळू आहे. दोन्ही निरीक्षणे खरी असतात, पण ती कधी एका जागी येत नाहीत.

ही मुलगी आम्ही केवळ उदाहरणादाखल उभी केली आहे. उपवास करणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते, आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हा काही आजाराचा पुरावा नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. तरीही खाण्याचे विकार आणि स्वतःला इजा करून घेण्याची सवय या दोन गोष्टी किशोरवयात पुष्कळदा हातात हात घालून येतात, हे गेल्या चार दशकांत मानसरोगशास्त्राच्या चांगलेच लक्षात आले आहे. ही दोन निरीक्षणे एका पानावर आणणाऱ्या पहिल्या महत्त्वाच्या ग्रंथांपैकी एक म्हणजे फवाझा यांचे हे पुस्तक. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात मानसरोगशास्त्राचे अध्यापन केलेल्या या लेखकाचा ग्रंथ धाराशिव जिल्ह्यातील शिक्षकाने कसा वाचावा, त्यातले काय घ्यावे आणि कशाला प्रश्न विचारावेत, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

पुस्तक काय सांगते?

स्वतःच्या शरीराला मुद्दाम केलेली इजा म्हणजे आत्महत्येचा फसलेला किंवा अर्धवट प्रयत्न, अशी समजूत फार काळ होती. १९३८ साली कार्ल मेनिंजर यांनी 'मॅन अगेन्स्ट हिमसेल्फ' या ग्रंथात या समजुतीला पहिला मोठा छेद दिला. अशी इजा ही मरणाकडे नेणारी नसून उलट मरण टाळण्यासाठी मनाने केलेली तडजोड असू शकते, असे त्यांनी मांडले. फवाझा यांनी हेच सूत्र पुढे नेले. त्यांच्या मते ही एक प्रकारची 'आजारी स्वयंमदत' आहे. मनातला ताण असह्य झाला, काही सुचेनासे झाले किंवा आतून सारे बधिर वाटू लागले, की ती व्यक्ती शरीराकडे वळते. थोडा वेळ सुटका होते. नंतर लाज आणि अपराधीपणा येतो, त्यातून पुन्हा ताण वाढतो आणि चक्र सुरू राहते. उपाय चुकीचा आहे, पण ज्या दुःखावर तो शोधला गेला ते दुःख खरे आहे.

लेखकाने या वर्तनाचे दोन मोठे गट केले आहेत. पहिला, समाजाने मान्य केलेल्या विधी व प्रथांचा. दुसरा, आजाराचा. आजाराच्या गटात पुन्हा तीन उपप्रकार आहेत. तीव्र मनोविकारात क्वचित घडणारी गंभीर इजा हा एक. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या काही मुलांमध्ये दिसणारी, एकाच लयीत होत राहणारी इजा हा दुसरा. वरवरची परंतु पुनःपुन्हा होणारी इजा हा तिसरा. शाळेशी संबंध येतो तो बहुतांशी या तिसऱ्या प्रकाराचा. अमेरिकन मानसरोग संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत 'आत्महत्येचा हेतू नसलेली स्व-इजा' हे नाव अधिक अभ्यासाची गरज असलेल्या अवस्थांच्या यादीत घातले, त्यामागे फवाझा यांच्यासारख्यांनी केलेल्या या वर्गीकरणाचे श्रम आहेत.

या तिसऱ्या प्रकाराचे वर्णन करतानाच लेखक खाण्याच्या विकारांकडे येतो. खाण्याचे विकार म्हणजे खोडी किंवा नखरे नव्हेत. ॲनोरेक्सिया नर्व्होजा या विकारात व्यक्ती अन्न इतके कमी करते की वजन धोकादायक पातळीला उतरते. इंग्लंडमध्ये विल्यम गल आणि फ्रान्समध्ये लासेग यांनी १८७३ च्या सुमारास त्याची स्वतंत्रपणे नोंद केली. बुलिमियामध्ये अनावर खाणे आणि मग त्याची भरपाई करण्याची धडपड यांचे चक्र असते. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली त्याला वेगळे नाव दिले. दोन्ही विकार शरीराला पोखरतात. नाडी मंदावते, हात-पाय गार पडतात, पाळी थांबते, रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडू शकते. फवाझा यांचे म्हणणे असे, की वारंवार स्वतःला इजा करणाऱ्यांमध्ये खाण्याचे विकार एकाच वेळी तरी असतात किंवा आलटूनपालटून तरी येतात. एक थांबले की दुसरे डोके वर काढते.

आकड्यांचा अर्थ

फवाझा आणि कॉन्टेरिओ यांनी १९८० च्या दशकात २४० स्त्रियांची प्रश्नावलीद्वारे पाहणी केली. या सर्व स्त्रिया वारंवार स्वतःला इजा करणाऱ्या होत्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींना खाण्याचा विकार होता किंवा पूर्वी होऊन गेला होता. हा आकडा मोठा आहे, आणि येथेच आमचा पहिला आक्षेप आहे. या स्त्रिया कोण होत्या? दूरचित्रवाणीवर या विषयावर झालेल्या चर्चेनंतर ज्यांनी आपण होऊन संपर्क साधला, अशांना ही प्रश्नावली पाठविली गेली होती. आपण होऊन पुढे येणारे लोक हे बहुधा अधिक त्रासलेले असतात. गावातल्या विहिरींचे पाणी कसे आहे हे पाहण्यासाठी फक्त तक्रार आलेल्या विहिरींचे नमुने तपासावेत, तसा हा प्रकार होतो.

पुढील काळात अधिक काटेकोर काम झाले. २०१६ साली कुक्की आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. खाण्याचे विकार असलेल्या रुग्णांपैकी आयुष्यात कधी ना कधी स्वतःला इजा करून घेतलेल्यांचे प्रमाण २७.३ टक्के निघाले. ॲनोरेक्सियात ते २१.८ टक्के, तर बुलिमियात ३२.७ टक्के होते. म्हणजे ढोबळ मानाने चार रुग्णांमागे एक.

येथे वर्गात गणित शिकवणाऱ्या वाचकांनी क्षणभर थांबावे. खाण्याचा विकार असलेल्या १०० जणांत स्व-इजा करणारे २७, याचा अर्थ स्व-इजा करणाऱ्या १०० जणांत खाण्याचा विकार असलेले २७, असा होत नाही. सगळे काजवे कीटक असतात, म्हणून सगळे कीटक काजवे ठरत नाहीत. दोन्ही अपूर्णांकांचा छेद वेगळा आहे.

चिकित्सक वाचक आणखी एक प्रश्न विचारील. २०१४ साली स्वानेल आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा सर्वसाधारण किशोरवयीनांतच स्व-इजेचे प्रमाण १७.२ टक्के, तरुणांत १३.४ टक्के आणि प्रौढांत ५.५ टक्के आढळले. मग १७ आणि २७ यांत अंतर ते किती? उत्तर असे, की या दोन संख्या एका तराजूत घालता येत नाहीत. रुग्णांच्या अभ्यासांत प्रौढही असतात. शिवाय प्रश्न कसा विचारला, यादी समोर ठेवली की नुसते हो-नाही विचारले, यावर उत्तर बदलते. निरनिराळ्या पाहण्यांच्या आकड्यांत जो फरक पडतो त्याचा सुमारे निम्मा भाग केवळ पद्धतीतील फरकाचा आहे, असे स्वानेल यांनाच दिसून आले. संबंधाचा खरा पुरावा मिळतो तो एकाच वयाच्या आणि एकाच वस्तीतील मुलांची एकाच प्रश्नावलीने तुलना करणाऱ्या अभ्यासांतून. तेथे खाण्याविषयी अस्वस्थ असणाऱ्यांमध्ये स्व-इजा अधिक आढळते. आकडा लहानमोठा होईल, पण संबंध टिकून आहे.

संबंध जुळतो कसा?

फवाझा यांनी या दोन्ही वर्तनांना मुख्यतः आवेगाच्या खात्यात टाकले आहे. म्हणजे ऊर्मी आली, आवरता आली नाही, कृती घडली. बुलिमियाला हे स्पष्टीकरण बऱ्यापैकी लागू पडते. पण ॲनोरेक्सियाची जी मुलगी महिनोन् महिने भूक दाबते, प्रत्येक घास मोजते, ती आवेगाच्या आहारी गेलेली नसते. तिच्याजवळ आवर प्रमाणाबाहेर असतो. तरीही अशा पाच रुग्णांमागे एक जण स्वतःला इजा करून घेतो, हे आपण वर पाहिले. तेव्हा केवळ आवेगाचे स्पष्टीकरण अपुरे पडते, हा आमचा दुसरा आक्षेप.

अधिक उपयोगी मांडणी २००४ साली नॉक आणि प्रिन्स्टीन यांनी केली. 'या कृतीने त्या व्यक्तीचे कोणते काम होते?' असा प्रश्न त्यांनी विचारला. उत्तरे चार मिळाली. नकोशी भावना कमी होते, किंवा बधिरपणा जाऊन काहीतरी जाणवते. नकोशी परिस्थिती टळते, किंवा इतरांपर्यंत न बोलता काही पोहोचते. आता हीच चार उत्तरे उपाशी राहण्याला लावून पाहा. तीही लागू पडतात. यांत भर पडते ती स्वतःला शिक्षा करण्याच्या वृत्तीची. 'मी वाईट आहे, मला हे भोगले पाहिजे' असे मानणाऱ्या मुलाला भूक आणि वेदना ही एकाच शिक्षेची दोन रूपे वाटतात. म्हणूनच एक बंद केले की दुसरे सुरू होते. शिक्षेचे साधन काढून घेतले तरी शिक्षेची भावना जागच्या जागी असते.

आणखी एक दुवा शरीराचा आहे आणि तो विज्ञानशिक्षकांनी अवश्य लक्षात घ्यावा. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धग्रस्त युरोपातील उपासमारीवर उपाय शोधणे हा हेतू होता. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. पण त्याहून लक्षणीय बदल मनात घडले. ते चिडचिडे व उदास झाले, लोकांत मिसळेनासे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. प्रयोगानंतरच्या पुनर्भरणाच्या काळात त्यांतील एकाने स्वतःच्या हाताला गंभीर इजा करून घेतली, आणि ती अपघाताने झाली की मुद्दाम, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आले नाही. हे तरुण निवडताना त्यांचे मानसिक आरोग्य चांगले असल्याची खात्री करून घेतलेली होती. एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही हे खरे. परंतु उपासमार स्वतःच मनाचा तोल ढासळवू शकते, एवढे या प्रयोगाने निःसंशय दाखविले. मनाच्या दुःखातून उपासमार आणि उपासमारीतून आणखी दुःख, असा हा दुहेरी रस्ता आहे.

तुळजापूरचा रस्ता

फवाझा यांचे पुस्तक इतर वैद्यकीय ग्रंथांहून वेगळे ठरते ते संस्कृतीच्या विचारामुळे. देहाला क्लेश देण्याच्या प्रथा जवळपास प्रत्येक समाजात आहेत आणि त्यामागे आजारातून सुटका, ईश्वराशी जवळीक व समाजाची घडी टिकवणे हे हेतू असतात, असे ते दाखवतात. उपवास आणि आत्मक्लेश यांची जोडीही जुनीच आहे. चौदाव्या शतकातील इटालियन संत सिएनाची कॅथरीन अत्यल्प आहार घेई आणि स्वतःच्या देहाला मारही देई. वयाच्या ३३ व्या वर्षी, १३८० साली, ती वारली. इतिहासकार रुडॉल्फ बेल यांनी १९८५ साली अशा संतस्त्रियांवर संपूर्ण ग्रंथच लिहिला.

आपल्याला इटलीपर्यंत जाण्याचे कारण नाही. शारदीय नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्याने चालत जाणाऱ्यांत कितीजण नऊ दिवसांचे उपवास करतात! कोणी उठता-बसता, कोणी धान्यफराळ, कोणी कडकडीत. आणि मरीआईचा पोतराज अंगावर आसूड ओढत दारी आलेला मराठवाड्यातील जुन्या पिढीने पाहिलेला आहे. फवाझा यांच्या वर्गीकरणात हे सारे 'संस्कृतिमान्य' या पहिल्या गटात बसते. फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. व्रत उघड असते, ठरलेल्या तिथीला सुरू होते, चारचौघांबरोबर केले जाते आणि त्याला पारणे असते. आजारातला उपवास लपवलेला असतो, एकट्याने केलेला असतो आणि त्याचे पारणे कधी येत नाही. शिक्षकांसाठी ही कसोटी उपयोगाची आहे. 'उपवास सोडलास का, काय खाल्लेस?' या साध्या प्रश्नाने पुष्कळ काही कळते.

परंतु येथेच आमचा तिसरा आणि सर्वांत गंभीर आक्षेप आहे. 'संस्कृतीने मान्य केलेले' असे आपण म्हणतो तेव्हा मान्यता कोणी दिली आणि आसूड कोणाच्या पाठीवर पडला? पोतराज झाला तो गावकुसाबाहेरचा माणूस. त्याची प्रथा सोडावी म्हणून आंबेडकरी चळवळीने दीर्घकाळ प्रयत्न केले, कारण त्या आसुडात भक्तीबरोबर दारिद्र्य आणि जातही होती. उपवासांचेही तसेच आहे. घरातील कोण किती उपवास करते आणि शेवटी कोण जेवते, हे मोजले तर बाईचे आणि मुलीचे नाव वर येते. म्हणजे एखादी गोष्ट समाजमान्य आहे म्हणून ती निरोगी आहे, असे होत नाही. समाजमान्यता हा पडदाही असू शकतो. आजारी मुलगी नेमकी त्याच पडद्याआड उभी राहते, कारण जगात तिला कोणी प्रश्न विचारत नाही अशी ती एकच जागा आहे.

'मी जाड आहे' असे कोणी म्हणत नाही

पाश्चात्त्य पुस्तके वाचून शिक्षक ज्या लक्षणाची वाट पाहत बसतील ते म्हणजे बारीक होण्याचे वेड. ते आपल्याकडे दिसेलच असे नाही. हाँगकाँगमध्ये सिंग ली आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ॲनोरेक्सियाच्या ७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ४१ जणांना जाड होण्याची भीती नव्हतीच. पोट फुगल्यासारखे वाटते, भूक लागत नाही, अशी कारणे ते देत. दिल्लीत खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी १९९५ साली पाच तरुणींची हकीकत मांडली. खाण्यास नकार, वजनात मोठी घट, पाळी बंद, असे सारे होते. परंतु आपल्या देहाविषयीची विपरीत प्रतिमा नव्हती, आणि त्यामुळे निदान करणे कठीण गेले. बंगळूरमधील मानसरोगतज्ज्ञांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत सुमारे दोन तृतीयांश तज्ज्ञांनी असा एक तरी रुग्ण पाहिल्याचे सांगितले. 'हा श्रीमंत देशांचा रोग आहे' हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

उलट बाजूही आहे. फिजी बेटांच्या एका भागात १९९५ साली दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची तपासणी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ साली केली. खाण्याविषयीच्या प्रश्नावलीत काळजी करण्याजोगे गुण मिळवणाऱ्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. दरवेळी निराळ्या मुली तपासल्या असल्याने दूरचित्रवाणी हेच एकमेव कारण, असे ठामपणे म्हणता येणार नाही. तरी आज मोबाईल कळंब-परंड्याच्या वाडीवस्तीवरही पोहोचला आहे, तेव्हा या आकड्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. म्हणजे आपल्या वर्गात दोन्ही प्रकारच्या मुली असतील. एक 'भूकच नाही' म्हणणारी, दुसरी आरशापुढे नाराज होणारी. आणि मुलगेही असतील. हे केवळ मुलींचे दुखणे आहे ही समजूत मुलग्यांना मदतीपासून दूर ठेवते.

आमचा चौथा मुद्दा भुकेचा आहे. फवाझा यांची चौकट ज्या समाजात घडली तेथे अन्न मुबलक होते आणि नकार ही निवड होती. आपल्या जिल्ह्याने दुष्काळ पाहिले आहेत. काही भागांतून दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) भारतातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. अशा ठिकाणी किडकिडीत देह ही खूण ठरत नाही. तो तर निम्म्या वर्गाचा असतो. पाहायचे ते बदलाकडे. अन्न समोर असताना जेवण टाळणे, भरणारे वजन उतरू लागणे, मैत्रिणींत बसून खाणे बंद होणे, खेळाच्या तासाला चक्कर येणे, कपडे बदलायची वेळ आली की गायब होणे. आणि मिनेसोटाची गोष्ट आठवावी. सक्तीची भूकही मनावर आघात करते. त्यामुळे शालेय पोषण आहार हा मानसिक आरोग्याचाही कार्यक्रम आहे, असे आम्हांला वाटते.

शिक्षकाने काय करावे?

पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण आम्ही शेवटासाठी राखून ठेवला आहे. अशा मुलाला 'नाटकी' म्हणू नका, हे ते पुराव्यानिशी पटवून देते. लक्ष वेधून घ्यायचे असते तर त्याने खुणा लपवल्या नसत्या. त्याचबरोबर 'मरण्याचा हेतू नव्हता ना, मग सोडून द्या' असेही म्हणता येत नाही. स्व-इजा करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, आणि खाण्याचा विकार सोबत असेल तर काळजी आणखी वाढते.

म्हणून संशय आला तर मुलाला एकटे, शांतपणे भेटावे. 'तू हे का केलेस?' यापेक्षा 'हल्ली तुला फार जड जातेय का?' हा प्रश्न बरा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. जखमा वर्गासमोर दाखवायला लावू नयेत, सर्वांदेखत वजन करू नये, 'पुन्हा करणार नाही' अशी शपथ घेऊ नये. शपथ मोडली की मूल पुन्हा सांगायला येत नाही. 'मी कोणालाच सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. कोणाला आणि का सांगावे लागेल हे त्याला आधी समजावावे. घरातील ज्या माणसावर त्याचा विश्वास आहे त्याला बोलवावे. मात्र घरातच मारहाण किंवा अत्याचार होत असल्याची शंका असेल तर आधी १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाशी बोलावे.

दुसरे पाऊल वैद्यकीय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, नाडी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. तेथून जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे पाठवता येते. फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला घाबरून एकदम भरपूर खाऊ घालू नये. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घटून जीवाला धोका होऊ शकतो, म्हणून आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावा. केंद्र शासनाची 'टेलिमानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य व चोवीस तास उपलब्ध आहे. पालकांना पोलिसांची भीती वाटत असेल तर त्यांना सांगावे, की उपचार मागितल्याने मुलावर गुन्हा दाखल होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यालाही तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरून शिक्षेऐवजी मदत देण्याची भूमिका घेतली आहे.

उपचार आहेत आणि ते गुण देतात. किशोरवयातील ॲनोरेक्सियात कुटुंबाला बरोबर घेऊन केलेले उपचार परिणामकारक ठरले आहेत. स्व-इजेसाठी मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली पद्धत मुलाला भावना सोसण्याची आणि बोलून दाखवण्याची कौशल्ये शिकवते. दोन्ही दुखणी असतील तर दोन्हींवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. एकाकडे पाहून दुसरे विसरले तर काय होते, ते आपण वर पाहिलेच आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा आणि उमरगा तालुक्यांतील गावे पाडली तेव्हा आपल्या जिल्ह्याने एक गोष्ट फार मोठी किंमत मोजून शिकली. घरे उभी राहिली तरी माणसे आतून उभी राहायला वेळ लागतो, आणि त्यासाठीही मदत लागते. त्या वेळी दुःख सर्वांना दिसत होते. येथे ते बाहीखाली आणि बंद डब्यात आहे.

फवाझा यांचे पुस्तक परिपूर्ण नाही. त्याचे आकडे जपून वापरावेत, आवेगाचा सिद्धांत अपुरा मानावा आणि 'संस्कृतिमान्य' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. विद्यार्थ्यांच्या हाती ते देऊ नये. त्यातील वर्णने कोवळ्या, आधीच त्रासलेल्या मनाला अपायकारक ठरू शकतात. शिक्षकांनी मात्र ते वाचावे. ते वाचून ताट पाहणारे सर आणि बाह्या पाहणाऱ्या बाई शिक्षकखोलीचे दार लावून एकदा एकमेकांशी बोलल्या, तरी त्या मुलीच्या दृष्टीने फार मोठे काम झाले असे आम्ही समजू.